पगाराच्या स्लिपवरचे दोनशे रुपये

बारामतीच्या एमआयडीसीत पहिली नोकरी लागलेल्या कुठल्याही मुलाला पगाराची स्लिप मागा. बेसिक, एचआरए, पीएफ या ओळखीच्या रकान्यांमध्ये एक छोटी ओळ असते : पीटी, २००. फेब्रुवारीत तीच ३०० होते. विचारलं तर तो म्हणेल, ‘कापतात, प्रोफेशनल टॅक्स असतो.’ कशासाठी, हे सहसा ना त्याला माहीत असतं, ना स्लिप काढणाऱ्या एचआरवाल्याला.

हे दोनशे रुपये कापायचा कायदा १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला. त्याचं कारण तेव्हा स्पष्ट होतं. महाराष्ट्रातल्या दुष्काळी गावांत ज्याला काम हवं असेल त्याला काम द्यायचं आणि त्यासाठी लागणारा पैसा शहरातल्या, नोकरी-धंद्यातल्या माणसांकडून घ्यायचा. म्हणजे पगारदाराच्या स्लिपवरची ही ओळ खड्डे खणणाऱ्या मजुराच्या हजेरीपटाला जोडलेली होती. बारामती आणि इंदापूर हे तालुके या हिशोबाच्या दोन्ही टोकांना आहेत. कालव्याकाठी ऊस, साखर कारखाने, कंपन्या, तर वरच्या जिराईत पट्ट्यात दर दोन-चार वर्षांनी कोरडी पडणारी गावं. त्यामुळे ही गोष्ट तिथून सांगायला सोपी जाते.

यात एक योगायोग आहे. आपला कायदा लागू होण्याच्या तीन दिवस आधी, २९ मार्च १९७५ ला, अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी एका करकपात कायद्यावर सही केली. त्यातून कमी पगाराच्या कामगारांसाठी ‘टॅक्स क्रेडिट’ नावाची गोष्ट जन्माला आली. प्रश्न दोन्हीकडे एकच होता : माणूस राबतो, तरी त्याचं भागत नाही, तर सरकारने काय करायचं? उत्तरं मात्र अगदी वेगळी निघाली.

अमेरिकेचं उत्तर असं होतं. घरात मूल असलेल्या कामगाराने वर्षाला जे कमावलं त्याच्या १० टक्के रक्कम सरकार त्याला करात सूट म्हणून देणार, आणि तेवढा कर लागतच नसेल तर उरलेली रक्कम हातात देणार. ४,००० डॉलरपर्यंत ही रक्कम वाढत जायची. ३,००० कमावले तर ३००, ४,००० कमावले तर ४००. तिथून पुढे उतरण. ४,००० च्या वरच्या प्रत्येक डॉलरमागे दहा सेंट कमी. ६,००० कमावणाऱ्याला २००, आणि ८,००० ला पोचला की शून्य. आलेख काढला तर डोंगर दिसतो : चढ, शिखर, उतार. पुढे इंग्लंडसह अनेक देशांनी याच घराण्यातल्या योजना आणल्या. त्यांचे नियम इतके किचकट झाले की स्वतःला किती मिळणार हे काढायला लोकांना मदत लागायची.

पण या सगळ्या हिशोबाच्या पायाशी एक गृहीत आहे. माणसाची कमाई कुठेतरी लिहिलेली आहे. मालकाकडे नोंद आहे, कर खात्याकडे फॉर्म आहे.

१९७५ साली सुप्याच्या किंवा कळसच्या शेतमजूर बाईची वर्षाची कमाई कुठे लिहिलेली होती? खुरपणीला चार दिवस, काढणीला आठ दिवस, मजुरी कधी रोख, कधी पायली-दोन पायली ज्वारी. तिला टॅक्स क्रेडिट द्यायचं म्हटलं तरी कशाच्या दहा टक्के काढणार? महाराष्ट्राने मग दुसरा रस्ता धरला. कमाई मोजता येत नाही, तर काम मोजू. तिने खणलेला खड्डा मोजू. खड्ड्याला लांबी असते, रुंदी असते, खोली असते. तिथे टेप लावता येतो.

पुढच्या पन्नास वर्षांतले रोजगार हमीचे बहुतेक वाद त्या टेपपाशी येऊन थांबतात.

*

गरिबाचा हिशोब कागदावर करायची हौस या भागाला नवी नाही. इंग्रजांनी पेशवाई घेतल्यावर दहा-बारा वर्षांतच रॉबर्ट कीथ प्रिंगल हा तरुण अधिकारी जमीनमहसुलाचं गणित मांडायला निघाला. त्याने लंडनच्या अर्थशास्त्रातला खंडाचा सिद्धांत शिकलेला होता. जमिनीची प्रतवारी करायची, प्रत्येक प्रतीत किती पिकेल ते धरायचं, त्यातून बैल, बियाणं, माणसांची मजुरी असा सगळा खर्च वजा करायचा, आणि जे निव्वळ उरेल त्याच्या ५५ टक्के सरकारचे. १८३० च्या सुमारास हे इंदापुरात लागू झालं. कागदावर गणित देखणं होतं. शेतात मात्र पाऊस प्रिंगलचं ऐकत नव्हता. आकारणी जड झाली, बाकी थकली, लोक जमिनी टाकून निघून गेले. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी पुन्हा इंदापुरातच नव्याने मोजणी केली, दर उतरवले आणि ते तीस वर्षांसाठी बांधून दिले. मुंबई इलाख्याची पुढची सगळी जमीनमोजणी या इंदापूरच्या कामावर उभी राहिली. आपल्या सात-बाराच्या मागची परंपरा तिथपर्यंत जाते.

त्यानंतरचा हिशोब जमिनीचा नव्हता, पोटाचा होता.

१८७६-७७ चा दुष्काळ. दख्खनमध्ये सरकारी कामांवर लाखो माणसं आली. मुंबई इलाख्यात सुरुवातीला मजुरी त्यातल्या त्यात बरी होती. मग कलकत्त्याहून सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीला पाठवलं गेलं. खर्च आटोक्यात ठेवा, असा त्यांना आदेश होता. त्यांनी माणसाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, आणि वर एक आणा पुरेसा आहे असं ठरवलं. बाईला आणि पोराला त्याहून कमी. दिवसभर उन्हात माती वाहणाऱ्या माणसाला अर्धा किलोच्या आत धान्य. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी विरोध केला. निदान दीड पौंड धान्य आणि सोबत भाजी-डाळ हवी, असं ते सांगत राहिले. इकडे पुण्यात सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारकडे अर्ज धाडले. तुरुंगातल्या कैद्याला याहून जास्त मिळतं, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिलं.

आणि मजुरांनी संप केला. हे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही. १८७७ च्या सुरुवातीला, मजुरी कापली आणि लांबच्या मोठ्या कामांवर जायला सांगितलं तेव्हा, इलाख्यातल्या हजारो दुष्काळी मजुरांनी कामं सोडून दिली. उपाशी माणसं संप करतात, हे सरकारला कळेना. पण हिशोब कळत असेल तर त्यात आश्चर्य काय? घरी बसून जितकी भूक लागते त्यापेक्षा जास्त भूक काम केल्यावर लागते, आणि मिळणारं धान्य त्या जास्तीच्या भुकेलाही पुरत नसेल, तर कामावर न जाणं हाच व्यवहार.

बारामती-इंदापूरचं आजचं रूप ज्याने घडवलं तो निरा डावा कालवा याच दुष्काळानंतर मार्गी लागला. १८८० च्या दशकाच्या मध्यावर त्याला पाणी सुटलं. आज त्या पाण्यावरचा ऊस पाहताना १८७७ ची ती पौंडभर ज्वारी आठवायचं कुणाला कारण नाही. दुष्काळाने दोन गोष्टी मागे ठेवल्या, एक कालवा आणि एक हिशोबाची पद्धत. कालवा दिसतो, एवढाच फरक.

ती पद्धत म्हणजे दुष्काळ संहिता. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालानंतर प्रांतोप्रांती ती तयार झाली. मजुरी पैशात द्यायची, पण मोजायची धान्यात. बाजारात ज्वारी महाग झाली की मजुरीचा आकडा वर, स्वस्त झाली की खाली. थोडक्यात, आजचा महागाई भत्ता, फक्त एकाच वस्तूवर बांधलेला. त्याशिवाय कामाचा ठरावीक कोटा. तो पूर्ण झाला तर पूर्ण मजुरी, नाही झाला तर कपात. आणि या सगळ्यामागे एक तत्त्व होतं, जे आजतागायत सुटलेलं नाही. खरा गरजू कोण हे ओळखायला चौकशी नको, काम एवढं कष्टाचं ठेवा की ज्याला खरंच गरज आहे तोच येईल. दगड फोडायची तयारी हाच गरिबीचा दाखला.

*

१९७२ कडे येऊ. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर ‘बहात्तर’ एवढंच म्हणून बघा. पुढे ‘चा दुष्काळ’ म्हणावं लागत नाही. मिलो आठवतो, ती अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, जिची भाकरी नीट थापता येत नव्हती. सुकडी आठवते. खडी फोडणारे हात आठवतात. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. एवढ्या मोठ्या संख्येने माणसं कामावर आणणं आणि त्यांना मजुरी पोचवणं हे जगातल्या दुष्काळाच्या इतिहासात वेगळं नोंदवलं गेलं आहे. जनावरं गेली, माणसं बहुतांशी वाचली.

बारामतीत याची तालीम आधीच सुरू झाली होती. १९६० च्या दशकाच्या शेवटी चर्चशी संलग्न ‘कासा’ या मदतसंस्थेकडून आलेलं धान्य आणि तेल मजुरी म्हणून देऊन जिराईत पट्ट्यात पाझर तलाव खणायला सुरुवात झाली. शरद पवार तेव्हा तरुण आमदार होते, आणि या कामात त्यांचा पुढाकार होता. त्याच प्रवाहातून १९७१ मध्ये ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. गंमत बघा, शंभर वर्षांनी मजुरी पुन्हा धान्यात मोजली जात होती. फरक असा की या वेळी घरी नेलेल्या धान्यात कुटुंबाचं भागत होतं, आणि तलावही त्याच गावाचा राहणार होता.

राज्य पातळीवर हीच कल्पना कायद्याच्या भाषेत आणायचं श्रेय वि. स. पागे यांना जातं. ते विधान परिषदेचे सभापती होते, मूळचे सांगली जिल्ह्यातले. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर इथे त्यांनी पहिला प्रयोग करून पाहिला. पागे यांचा आग्रह एका शब्दावर होता : हमी. दुष्काळ पडला म्हणून सरकारने कृपा करायची आणि पाऊस पडला की कामं बंद करायची, असं नको. कुणीही, कधीही येऊन काम मागावं आणि ते देणं सरकारवर बंधनकारक असावं. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला तेव्हा मुख्यमंत्री बारामतीचे आमदार होते. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारभत्ता. भत्ता किती? दिवसाला किमान एक रुपया. त्या काळातही एका रुपयात फार काही येत नव्हतं, पण सरकार चुकलं तर सरकार दंड भरेल ही कल्पनाच नवी होती. देशात असा कायदा दुसऱ्या कुठल्या राज्यात नव्हता. केंद्राला तो करायला २००५ उजाडलं.

पैशाची व्यवस्थाही विचारपूर्वक केलेली होती. व्यवसाय कर हा मुख्य. शिवाय मोटार वाहनांवर, विक्रीकरावर, शहरातल्या बिगर-निवासी इमारतींवर जादा भार, आणि बागायती जमिनीवर उपकर. या करांतून जेवढे जमतील तेवढेच राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायचे. म्हणजे मुंबईचा कारकून, पुण्याचा डॉक्टर आणि निरेच्या पाण्यावर ऊस पिकवणारा बागायतदार, तिघांनी मिळून जिराईत पट्ट्यातल्या मजुराची हमी भरायची. शहरांनी हे मुकाट का मान्य केलं? गावात काम नसलं की माणूस गाडीत बसून मुंबईला येतो, हे मुंबईने बहात्तरमध्ये पाहिलं होतं.

*

आता तो खड्डा.

योजनेचा मूळ नियम असा : कामाचे दर असे ठरवायचे की सरासरी माणसाने दिवसाला सात तास प्रामाणिकपणे काम केलं तर त्याला शेतमजुराच्या किमान वेतनाएवढे पैसे पडावेत. दिवसाचा ठरलेला पगार नाही. मापाप्रमाणे दाम. आठवड्याला शाखा अभियंता किंवा त्याचा माणूस येतो, टोळीने खणलेला खड्डा मोजतो, मोजमाप पुस्तिकेत लिहितो, त्याला दर लावतो, येणारी रक्कम हजेरीपटावरच्या नावांत वाटली जाते.

आकडे घालून पाहू. दर मी सोयीसाठी धरलेला आहे. समजा दहा जणांची टोळी, सहा दिवस काम. म्हणजे साठ हजेऱ्या. खड्डा १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, १ मीटर खोल. ६० घनमीटर. दर घनमीटरला ६ रुपये. झाले ३६० रुपये. साठ हजेऱ्यांनी भागा, माणशी दिवसाला ६ रुपये. बरोबर जमलं.

आता मोजणाऱ्याने खोली १ मीटरऐवजी ९० सेंटीमीटर लिहिली. दहा सेंटीमीटर म्हणजे हाताच्या पंजाची रुंदी. खड्ड्याचा तळ सपाट नसतो, टेप कुठे टेकवायचा हे त्याच्या हातात असतं. घनमीटर झाले ५४, पैसे ३२४, माणशी ५ रुपये ४० पैसे. पंजाभर मातीने प्रत्येकाच्या रोजातून साठ पैसे गेले.

आता तळ जाऊ द्या. प्रश्न असा की खणलं ते काय होतं? माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम की खडक, प्रत्येकाचा दर वेगळा. जिराईत भागात वर वीतभर माती आणि खाली मुरूम. मजूर म्हणणार टिकाव लागत नव्हता, कठीण मुरूम लिहा. पुस्तिकेत ‘मऊ’ पडलं आणि दर ६ चा साडेचार झाला, तर पूर्ण ६० घनमीटर खणूनही २७० रुपये. माणशी साडेचार. शिवाय माती किती लांब वाहिली, किती उंच चढवली याचे वेगळे दर. अभियंत्यांच्या भाषेत ‘लीड’ आणि ‘लिफ्ट’. बांधावर पंधरा पावलं चढून घमेलं ओतणाऱ्या बाईला हे शब्द माहीत नसायचे, आणि पुस्तिकेत ते लिहायचे राहिले तर तिचं चढणं फुकट जायचं.

म्हणून जुने मजूर खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच सोडायचे. मूळ जमीन किती उंच होती याचा तो पुरावा. मोजणी झाल्याशिवाय तो पाडायचा नाही. अक्षर न येणाऱ्या माणसांनी ठेवलेला तो हिशोब होता.

मोजणीच्या वेळी मजुराने हजर राहावं, त्याला माप वाचून दाखवावं, यासाठी राज्यभर संघटनांनी वर्षानुवर्षं भांडण केलं. बाकी चोरीचे प्रकार वेगळेच. हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं, शाळेत शिकणाऱ्या पोरांचे अंगठे. ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही, अर्धे आम्ही’ ही म्हण उगाच पडलेली नाही. पण म्हणीमुळे सगळा दोष चोरीवर जातो, याचं मला थोडं वाईट वाटतं. चोरी न करताही, नुसता नियम पाळून, मजुराचा रोज अर्ध्यावर आणता यायचा, हे म्हणीत येत नाही.

एका बाबतीत मात्र मापाने भलं केलं. दुष्काळ संहितेपासून शेतातल्या रोजापर्यंत सगळीकडे बाईला कमी द्यायची रीत होती. खड्ड्याला बाई-पुरुष कळत नाही. घनमीटरला एकच दर. टोळीत पुरुष टिकाव मारायचा, बाई घमेलं वाहायची, आणि रक्कम हजेरीने वाटली जायची. या कामांवर बायकांची संख्या कायम मोठी राहिली, त्याचं हे एक कारण. घरापासून फार लांब जावं लागत नव्हतं, मुकादमाच्या मागे परगावी फिरावं लागत नव्हतं, हे दुसरं.

*

मापाने किमान वेतन पडलंच नाही तर काय, हा प्रश्न शेवटी सर्वोच्च न्यायालयात पोचला, पण महाराष्ट्रातून नव्हे. राजस्थानात दुष्काळी रस्त्याच्या कामावर टोळीच्या मापाने पैसे दिले जात, आणि ते किमान वेतनापेक्षा कमी पडत. दुष्काळी कामांना किमान वेतनाचा कायदा लागू नाही, असा राज्याने स्वतंत्र कायदाच केला होता. १९८३ मध्ये संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात न्यायालयाने तो चालणार नाही असं सांगितलं. किमान वेतनापेक्षा कमी देऊन घेतलेलं काम ही वेठबिगारी आहे, आणि माणूस दुष्काळात अडला आहे म्हणून सरकारला त्याच्या अडचणीचा फायदा घेता येणार नाही. १८७७ च्या संपकऱ्यांना हे वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

मग १९८८. महाराष्ट्राने शेतमजुराचं किमान वेतन जवळजवळ दुप्पट केलं. रोजगार हमीचे दर त्याला जोडलेले, म्हणून तेही वर गेले. आता मजुरांची रांग लागायला हवी होती. झालं उलट, कामांवरची हजेरी घटली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये आकडे तपासून दाखवलं की लोकांना काम नको होतं असं नाही, काम मागूनही मिळत नव्हतं. दर वाढला, तेवढ्या प्रमाणात पैसा सोडला गेला नाही, म्हणून कामंच कमी निघाली. अधिकाऱ्याला ‘नाही’ म्हणावं लागत नाही. किमान ५० मजूर जमले नाहीत, मंजुरी यायची आहे, पुढच्या आठवड्यात बघू, एवढं पुरतं. मागणीचा अर्ज, ज्याला आपल्याकडे ‘नमुना ४’ म्हणतात, त्याची तारखेची पावती मिळाली नाही तर पंधरा दिवस कधी सुरू झाले हेच सिद्ध होत नाही, आणि एक रुपयाचा भत्ताही कुणी देत नाही.

पैसा नव्हता असंही नाही. अनेक वर्षं रोजगार हमीच्या नावाने जमा झालेला कर योजनेवरच्या खर्चापेक्षा जास्त राहिला. उरलेला पैसा सरकारच्या बाकीच्या कामांत मिसळून गेला. कर कापला जात राहिला, स्लिपवरचं त्याचं नाव ‘पीटी’ एवढंच उरलं, आणि तो कशासाठी होता हे विसरलं गेलं.

आणखी एक हिशोब कुणी पगारपत्रकावर मांडत नाही. पाझर तलाव खणून झाला की मजुराची मजुरी संपली. तलावाचं पाणी मात्र खालच्या विहिरींना वर्षानुवर्षं मिळत राहतं, आणि विहीर त्याचीच असते ज्याची जमीन असते. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्येच हे लिहून ठेवलं होतं : या योजनेला गावातल्या सधन शेतकऱ्यांनी विरोध केला नाही, कारण तयार होणारे रस्ते आणि पाणी त्यांच्याही कामाचे होते. मला यात कट वगैरे दिसत नाही. पाणी उतार पाहून जातं, आणि उतारावर कुणाची जमीन आहे हे आधीच ठरलेलं असतं. पण बारामतीच्या जलसंधारणाचं कौतुक ऐकताना, पाटीखाली डोकं देणाऱ्यांपैकी किती जणांची तलावाखाली गुंठाभर तरी जमीन होती, हे विचारायला हवं.

*

आता मजुरी केंद्र सरकार जाहीर करतं. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर होता दिवसाला ३१२ रुपये. दर वर्षी तो महागाईच्या निर्देशांकाने वाढवला जातो, आणि शेतमजुरांसाठीचा हा निर्देशांक अलीकडेपर्यंत १९८६-८७ हे वर्ष पायाला धरून काढला जात होता. तेव्हा मोबाइल रिचार्ज नावाचा खर्च नव्हता. खड्ड्याची मोजणी अजून आहे. वर हजेरीचं ॲप आलं. १ जानेवारी २०२३ पासून त्यावर हजेरी सक्तीची झाली, दिवसातून दोनदा फोटो. माळावर रेंज नसेल तर काय होतं, हे तुम्हाला मला सांगायला नको.

दोन्ही टोकांचे आकडे शेजारी ठेवून बघू. ३१२ रुपयांनी महिन्याचे २६ दिवस काम मिळालं तर ८,११२ रुपये होतात. व्यवसाय कर पुरुषांना ७,५०० च्या वरच्या मासिक पगारावर सुरू होतो : १०,००० पर्यंत १७५ रुपये, पुढे २००. म्हणजे हाच मजूर याच रोजाने एखाद्या कंपनीच्या पगारपत्रकावर असता, तर त्याच्यासारख्यांना काम मिळावं म्हणून लावलेला कर त्याच्याच पगारातून कापला गेला असता. बायकांना २०२३ पासून २५,००० पर्यंत सूट आहे, एवढं एक बरं झालं.

वरची बाजू याहून विचित्र. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात या कराला कमाल मर्यादा आहे. ती आधी वर्षाला २५० रुपये होती, १९८८ मध्ये २,५०० झाली आणि तिथेच थांबली. बारामतीत महिना ११,००० मिळवणारा हेल्पर वर्षाला २,५०० भरतो, त्याच्या कमाईच्या १.९ टक्के. पुण्यात महिना एक लाख मिळवणाराही २,५०० च भरतो, त्याच्या कमाईच्या ०.२ टक्के. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत आयकर शून्य झाला तेव्हा सगळीकडे आनंद झाला. हेल्परला त्यात मिळण्यासारखं काही नव्हतं, तो मुळात आयकराच्या खालीच होता. त्याला लागू असलेला हा एक कर कुणाच्या भाषणात आला नाही.

अमेरिकेतल्या त्या डोंगरात तळाच्या माणसाला चढ मिळतो आणि वरच्याला उतार. आपल्या व्यवसाय कराचा आलेख काढला तर १०,००० पासून पुढे सरळ सपाट रेघ दिसते, कितीही लांब गेलं तरी. हेल्परच्या स्लिपवर आणि त्याच्या मॅनेजरच्या स्लिपवर ती ओळ सारखीच छापलेली असते, पीटी, २००. फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० जुळतात.